सासऱ्यांचं नाव यादीत पहिलं

बावीस वर्षं तहसील कचेरीत याद्या करणाऱ्या माणसाने वेबसाइटच्या नादी लागू नये, हे मला आता पटलं आहे. (पटून उपयोग शून्य.)

२००७ च्या उन्हाळ्यात माझे सासरे धर्मराज पिंपळगाव रेणुकाईला वारले. त्यांच्या फोटोंच्या अल्बमला वाळवी लागली होती. उरलेले अकरा फोटो मी स्कॅन करून घेतले. मूळ कागदांचा तोवर भुगा झाला. आमच्या जाफराबादला लाइटीच्या ये-जेने घरचा कॉम्प्युटर दोनदा मेला होता, म्हणून मी ते फोटो माझ्या वेबसाइटवर चढवून ठेवले. वेबसाइट कुणी बघत नसे. बायकोसुद्धा. पण बेबीनंदाने एवढंच मागितलं, की बाकी काही करा, अण्णांचे फोटो जपा.

वेबसाइटची जागा संपतकडून घेतलेली. त्याचा बसस्टँडजवळ नेट कॅफे. तो म्हणाला, दर आठवड्याला सगळ्याचा बॅकअप होतो, पण जागा कमी आहे. तेव्हा जे फोल्डर वगळायचे त्यांची यादी या चौकटीत लिहा.

‘यादी’ म्हटलं की माझे कान आपोआप बंद होतात. पुढचं मला ठाऊकच असतं. निराधारांची असो की गारपिटीची, यादीत नाव आलं तो तरला, राहिला तो बुडाला. आणि कुणाला वगळायचं असेल तर त्याचं नाव आम्ही लिहीतच नाही. वगळण्यासाठी कुणी मुद्दाम यादी करत असेल, हे माझ्या नोकरीत बसणारं नव्हतं. मी सासऱ्यांचं फोल्डर पहिल्या नंबरला लिहिलं आणि बायकोला नेऊन दाखवलं. लग्नानंतर पहिल्यांदाच तिने माझ्याकडे अभिमानाने पाहिलं. संध्याकाळी शिराही झाला.

वर्षश्राद्धाला आठ दिवस राहिले आणि संपत जिच्याकडून जागा घेई त्या कंपनीचं मशीन बंद पडलं. संपतने बॅकअपमधून सगळं परत आणलं. अकरा फोटो तेवढे आले नाहीत.

“भाऊसाहेब, ते तर तुम्हीच वगळल्ते,” संपत म्हणाला.

“वगळले न्हाई बाबा, पहिल्या नंबरला लिहिले.”

“तेच सांगून राह्यलो. तिथं लिहिलं की मशीन त्याला हातच लावत न्हाई.”

तीन दिवस मी घरी थापा मारल्या. फोटो मोठे करायला टाकलेत, जालन्याहून यायचेत, वगैरे. चौथ्या दिवशी सांगावंच लागलं. ती तूर निवडत होती. भांडेल म्हणून मी चपला दारातच ठेवल्या होत्या, पण ती भांडली नाही.

“वरसात चेहरा पुसट होऊन राह्यला मला,” ती म्हणाली. “म्हणून तर तुमच्याकडं जपायला दिल्ते.”

मला रडू आलं. तिला आलं नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी ती संपतकडे जाऊन बसली आणि बॅकअपमुळे वाचलेलं सगळं तिने एकेक करून पाहिलं. वाचलेलं म्हणजे मीच होतो. झेंडावंदनाला मी, टँकरपुढे नारळ फोडताना मी, असे दोनशे चौदा फोटो. एकशे नव्वदाव्याला ती थांबली. माझ्या बढतीचा सत्कार होता. सासरे मुद्दाम गावाहून आले होते. शेजारी उभे, थोडे हसणारे, आणि माझा हात त्यांच्या खांद्यावर.

फोटो स्टुडिओवाल्या बद्रीनाथने तिच्या सांगण्यावरून मला कापून काढलं. हात मात्र निघेना. तो काढला की अण्णांचा खांदा जात होता. तेव्हा कोपरापर्यंतचा मी तसाच फ्रेममध्ये गेलो.

श्राद्धाला हार घातला, तो दोघांनाही झाला. (मला तर जिवंतपणीच.) पाहुणे पाया पडले. मान वर करताना उषामावशी फोटोकडे बघत राहिल्या आणि त्यांनी विचारलं, हा हात कुणाचा गं?

बेबीनंदाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“वगळायचा राह्यला, मावशी,” ती म्हणाली.