दार लावून ऐकायचा आवाज

अप्पांनी ठरवलं होतं ते एवढंच, की पेटी फडक्याने पुसायची आणि जागेवर ठेवायची. पुढे जे झालं त्यात फडक्याचा काहीही दोष नाही.

पेटी चिरंजीवांची होती. चिरंजीव नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेले तेव्हा चांगली गिटार घेऊन गेले, आणि ही पेटी, एक छोटा स्पीकर व एक जुनी गिटार 'नंतर नेतो' म्हणून मागे ठेवून गेले. (जुन्या गिटारला पाचच तारा होत्या. सहावी कधी तुटली आणि घरच्यांनी तिचं काय केलं, हा वेगळा विषय आहे. आईच्या कुंडीतली वेल मात्र तेव्हापासून सरळ वाढते आहे.) शनिवारी सकाळी फोन आला, "उद्या येतोय. माझा मॉडेलर काढून ठेव, घेऊन जाईन." फोन आईला आला होता. अप्पांना फोन येत नसे. त्यांना निरोप येत.

"मॉडेलर न्यायला येतोय," आई म्हणाली.

"आपल्याला भेटायला नाही?"

"आपण वाटेत आहोतच की."

मॉडेलर म्हणजे चपट्या डब्याएवढी लोखंडी पेटी. एका बाजूने गिटारची वायर आत जाते, दुसऱ्या बाजूने स्पीकरची बाहेर पडते, आणि मधे पेटीच्या पोटात मोठमोठ्या अ‍ॅम्प्लिफायरच्या आवाजांच्या नकला भरलेल्या असतात. वर ओळीने नॉब, एक इवलासा पडदा आणि पायाने दाबायची तीन बटणं. आवाज आपल्या मनासारखा घडवायचा, त्याला नाव द्यायचं आणि पेटीत साठवून ठेवायचा. चिरंजीवांनी असा एक आवाज कितीतरी दिवस खपून घडवला होता, आणि रोज संध्याकाळी खोलीचं दार लावून ते त्याच आवाजात वाजवत.

भिंतीच्या अलीकडे, हॉलमध्ये, अप्पांची आरामखुर्ची होती. वजनमापे कार्यालयातून दिवसभर तराजूंच्या तक्रारी निस्तरून आलेला माणूस तिच्यात पाठ टेकतो न टेकतो तोच भिंतीतून तो आवाज सुरू व्हायचा. अप्पा ओरडायचे, "कमी कर रे!" आत तिळभर कमी व्हायचा, आणि अप्पांचे डोळे मिटले की ताडभर वाढायचा. असं वर्षानुवर्षं चाललं. बापाच्या एका शब्दाला मान दिल्याचं या मुलाच्या खाती एकही उदाहरण नव्हतं.

आता भिंत गप्प होती. खुर्चीत बसलं की फ्रिजचा आवाज यायचा. फ्रिजला 'कमी कर' म्हणून पाहिलं तर तो खरंच थोड्या वेळाने बंद व्हायचा, आणि मग अप्पांना जास्तच चुकल्यासारखं वाटायचं.

तर, पेटी पुसून झाली. उद्या ती जाणार. ती गेली की तो आवाजही घरातून कायमचा गेला. अप्पांनी स्वयंपाकघराकडे एक नजर टाकली आणि मनाशी म्हणाले, एकदाच ऐकू. एकदा तार छेडायची, ऐकायचं, बंद करायचं. कोणाला कळतंय?

चिरंजीवांच्या खोलीत बसून वायरी जोडायला त्यांना फारसा त्रास झाला नाही. पडदा उजळला. गिटार मांडीवर घेऊन त्यांनी एक तार ओढली आणि भिंतीतला तो आवाज, अगदी जवळून, क्षणभर उमटला. तो नीट कानात शिरायच्या आतच अप्पा दचकले. दचकलेला माणूस पाय झाडतो. अप्पांचं पाऊल रुंद आहे. ते एका वेळी दोन बटणांवर पडलं.

आवाज गेला. पडद्यावर एक काटा आला आणि डावीकडे झुकून थरथरू लागला.

दुसरा कोणी असता तर घाबरला असता. पण अप्पांचा जन्म काट्यांत गेलेला. काटा डावीकडे म्हणजे तराजू खोटा, एवढं त्यांना झोपेतही कळतं. त्यांनी पेटीखाली वर्तमानपत्राची घडी सारून ती समतल केली. काटा तसाच. मग त्यांनी नियमाप्रमाणे सगळे नॉब मोजून मधोमध आणले. (अप्पांच्या मते जगातली कुठलीही गोष्ट मधोमध आणली की बिघडत नाही. ते अंघोळीचा नळही मधोमध ठेवतात आणि कोमट पाण्याबद्दल कुरकुरतात.) तार ओढली की काटा हलायचा, आवाज मात्र नाही.

शेवटी कुठूनतरी त्यांना आठवलं की अशी यंत्रं बटणं दाबून धरत चालू केली की ताळ्यावर येतात. त्यांनी तसं केलं. पडद्याने विचारलं, सर्व काही मूळ स्थितीत न्यायचं का?

मूळ स्थितीत! अप्पांना यंत्राबद्दल एकदम जिव्हाळा वाटला. मूळ स्थिती म्हणजे त्यांनी हात लावायच्या आधीची, पोरगा ठेवून गेला तशी. याहून जास्त त्यांना या जन्मी काहीच नको होतं. त्यांनी 'होय' दाबलं.

यंत्राच्या मते मूळ स्थिती म्हणजे कारखान्यातून निघाली ती.

पेटी पुन्हा सुरू झाली. अप्पांनी तार ओढली, आणि घरात असा एक आवाज उठला की स्वयंपाकघरातून आई हातातल्या उलथन्यासह धावत आली.

"काय पडलं?"

"काही नाही. गिटार."

"कोणावर?"

अप्पांनी बटण दाबलं. दुसरा आवाज लोखंड कापणाऱ्या चक्रासारखा होता. तिसरा कोणीतरी विहिरीत पडून हाक मारावी तसा. चिरंजीवांचा आवाज कुठेच नव्हता. अप्पा पुढे गेले, मागे गेले, सगळे कप्पे धुंडाळले. त्यांचा चेहरा उतरला.

आईने उलथनं खाली ठेवलं. "काय केलंत?"

"पुसली," अप्पा म्हणाले. तेवढं तरी खरं होतं.

वाद्यांच्या दुकानात फोन लावला. पलीकडच्या मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काका, काटा आला होता ना, तो ट्यूनर. तारांचा सूर लावायला असतो. तेव्हा आवाज मुद्दाम बंद असतो. परत एकदा तसंच दाबलं असतं की झालं असतं."

"एवढंच?"

"एवढंच. तुम्ही रीसेट नाही ना केलंत?"

अप्पांनी फोन हळूच, आजारी माणसाला निजवावं तसा, खाली ठेवला.

"आता?" आई म्हणाली.

"आता परत बनवायचा. तोच आवाज." अप्पा ताठ बसले. "अगं, वर्षानुवर्षं ऐकलाय मी तो. त्याने बनवला असेल, पण ऐकलाय मी. त्याच्याइतकाच मला पाठ आहे. तू वाजव, मी नॉब फिरवतो."

"मी? मला कुठे येतं?"

"त्याला तरी सुरुवातीला कुठे येत होतं?"

आईने जन्मात पहिल्यांदा गिटार हातात घेतली आणि पिंजारी कापूस पिंजतो तशी वाजवायला घेतली. अप्पा पेटीशेजारी जमिनीवर बसून, डोळे मिटून, नॉब फिरवत राहिले. "अजून तीक्ष्ण आहे. असा टोचायचा नाही तो... आता कर... नाही, जरा दुरून आल्यासारखा हवा... जाड, गरम, पण दुरून."

"मला वेगळाच आठवतो," आई म्हणाली. "एका जागी तो नेहमी चुकायचा. थांबायचा, आणि परत पहिल्यापासून. मी कणीक मळता मळता मनात म्हणायचे, आता चुकेल बघ. आणि चुकायचा." ती गप्प झाली. गिटारही.

तेवढ्यात बेल वाजली. खालच्या मजल्यावर चष्म्यांचं दुकान चालवणारे चष्मेवाले दारात उभे होते.

"पोरगा आला का?" त्यांनी आत डोकावत विचारलं. आईच्या मांडीवरची गिटार पाहून त्यांनी आपला चष्मा काढून पुसला आणि परत घातला.

"उद्या येतोय," अप्पा म्हणाले. "बसा. साक्षीदार हवाच होता. त्याचा आवाज कसा होता, आठवतो?"

"आवाज? मला कुठे ऐकू यायचा? मला छतातून नुसती पायाची ठकठक ऐकू यायची. एका तालात." चष्मेवाल्यांनी वर पाहायच्या सवयीने वर पाहिलं, वर आता अप्पांचंच छत होतं. "मी वैतागायचो हो. पण ती बंद झाल्यापासून हिशेबात माझ्या चुका व्हायला लागल्यात."

त्यांनाही बसवून घेतलं. आई पिंजत होती, चष्मेवाले पायाने ताल देत होते आणि अप्पा नॉब फिरवत होते. दिवस बुडून झाकड पडेपर्यंत तीन पोक्त माणसं त्या खोलीत एका मुलाचा आवाज शोधत बसली. आणि मग, तीक्ष्णपणाचा नॉब पार शून्यावर आल्यावर, अप्पांनी हात वर केला.

"थांबा. हाच."

आईने पुन्हा तार छेडली. जाड, गरम, दुरून येणारा. अप्पा उठून पाणी प्यायला गेले आणि बराच वेळ पाणीच पीत राहिले.

रविवारी चिरंजीव आले. आईने त्यांना डोळे भरून पाहिलं, आणि 'वाळलास' म्हणाली. (त्यांचं वजन वाढलं होतं. हे अप्पांच्या नजरेत आलंच. तो त्यांचा व्यवसायच. पण ते बोलले नाहीत.) चिरंजीव खोलीत गेले, पेटी जोडली, स्वतःची गिटार काढली. अप्पा दारात उगाचच चौकट तपासत उभे राहिले.

चिरंजीवांनी वाजवलं. थांबले. वायर काढून पुन्हा खोचली. पुन्हा वाजवलं.

"स्पीकर गेला वाटतं. आवाज गादीखालून आल्यासारखा येतोय."

"स्पीकरला काही झालेलं नाही," अप्पा म्हणाले. "तुझाच आवाज आहे तो."

"हा?"

"मग! वर्षानुवर्षं ऐकलाय मी."

चिरंजीवांनी पेटीकडे पाहिलं, पेटीखालच्या वर्तमानपत्राच्या घडीकडे पाहिलं, आणि मग बापाकडे. "अप्पा, कुठून ऐकलात?"

"कुठून म्हणजे? हॉलमधून. खुर्चीतून."

"दार लावलेलं असताना?"

अप्पांनी वळून भिंतीकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत त्या खोलीत बसून, दार उघडं ठेवून, त्यांनी तो आवाज कधी ऐकलाच नव्हता. मुलाचा आवाज म्हणून त्यांनी काल जो आठवून घडवला, त्यात निम्मी भिंत होती.

मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. फडकं, पाऊल, काटा, मूळ स्थिती. चिरंजीव रागावतील म्हणून ते खाली मान घालून उभे राहिले, तर चिरंजीव चक्क हसले. "अहो, सगळे आवाज माझ्या लॅपटॉपवर आहेत. पेटी दगा देते, हे कोणालाही माहीत असतं." त्यांनी लॅपटॉप जोडला, चार बटणं दाबली, आणि अप्पा आणि मंडळींनी ज्यासाठी अख्खा शनिवार घालवला ते क्षणात परत आलं. पडद्यावर नाव उमटलं. अप्पांनी वाकून वाचलं.

'अप्पा झोपलेत.'

"हे काय नाव?"

"मग काय ठेवू? तुम्ही ओरडायचात ना. म्हणून यातला सगळा घुमारा काढून टाकलाय. भिंतीतून कमीत कमी जावा असाच तर बनवलाय हा. केवढा वेळ गेला माझा त्यात!"

म्हणजे अप्पांनी ज्या आवाजासाठी जीव टाकला, तो त्यांच्यापर्यंत पोचू नये म्हणूनच जन्माला आलेला होता. आणि तरी पोचला होता.

चिरंजीवांनी वाजवून दाखवलं. दार उघडं असताना तो आवाज कानाशी डास गुणगुणावा तसा लागत होता. अप्पांना मुळीच आवडला नाही.

"तू असं कर," ते म्हणाले. "दार लाव."

"तुम्ही?"

"मी माझ्या जागेवर जातो."

दार लागलं. अप्पा हॉलमध्ये आले, खुर्चीत बसले, पाठ भिंतीला लावली. क्षणभर फ्रिज ऐकू आला. मग भिंतीतून तो आला. जाड, गरम, दुरून. खालून चष्मेवाल्यांच्या दुकानाचं शटर ओढल्याचा आवाज आला. त्यांनी कान देऊन बसायला म्हणून दुकान लवकर मिटलं असावं. स्वयंपाकघरात आईचा हात कणकेत थांबला. "आता चुकेल बघ," ती पुटपुटली. आत आवाज अडखळला, थांबला, आणि परत पहिल्यापासून सुरू झाला. आई एकटीच हसली.

अप्पांनी डोळे मिटले. सगळं मूळ स्थितीत आलं होतं. खांदे सैल झाले, श्वास संथ झाला, आणि इतक्या वर्षांची सवय त्यांच्या तोंडातून त्यांना न विचारताच बाहेर पडली:

"कमी कर रे!"

आणि आत आवाज एकदम कमी झाला. तिळभर नाही, पार. फ्रिज पुन्हा स्पष्ट ऐकू येऊ लागला.

अप्पांनी डोळे उघडले. आवाज वाढेल म्हणून ते वाट पाहत राहिले. तो वाढला नाही. परगावी राहून मुलगा भलताच शहाणा होऊन आला होता. जन्मात पहिल्यांदाच त्याने बापाचं लगेच ऐकलं होतं.

"ऐकलं एकदाचं," आई कणकेच्या हातांनी दारात येऊन म्हणाली. "आता तरी समाधान?"

अप्पांनी उठून आरामखुर्ची उचलली, पाय फरशीवर वाजणार नाहीत अशी बेताने दारापाशी नेऊन ठेवली, आणि दाराला कान लावून बसले.