सयाजीच्या अंगातलं इंग्रजी

"इंग्रजी? त्येचं काय घेऊन बसलाय? आमच्या गोठ्यात बांधलंय ते!"

भरल्या ताटावर सयाजीनं हे जाहीर केलं, तेव्हा त्याच्या आईला, म्हणजे आक्काला, भरून आलं. बायको संयोगिता मात्र भाकरी थापता थापता म्हणाली, "मग गोठ्यातनं भाईर सोडा की कवातरी. आमाला तर दिसलं न्हाय."

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फौंड्रीत सयाजी सुपरवायझर होता. कंपनी एका माणसाला तीन महिने परदेशी कारखान्यात शिकायला धाडणार होती, आणि तो परतला की थेट शिफ्टचा इनचार्ज होणार होता. शेवटी दोनच नावं उरली, सयाजी आणि धैर्यशील. पंधरा दिवसांनी, गुरुवारी दुपारी बारा वाजता, मोबाइलवर मुलाखत होती. तीही इंग्रजीतून! बारा वर्षं भट्टीपुढं भाजून निघाल्यावर ही एकच वाट उघडली होती. ती हुकली तर पुन्हा उघडणार नाही, हे सयाजी मनोमन जाणून होता. आणि त्याचं इंग्रजी म्हणाल तर 'येस सर'ला सुरू होऊन 'नो सर'ला संपत होतं!

दुसऱ्या दिवशी तो गुपचूप राजारामपुरीत क्रांती मॅडमच्या क्लासला जाऊन बसला.

"सुटे शब्द पाठ करून काही होत नाही," मॅडम म्हणाल्या. "इंग्रजी क्रियापदाला भावकी असते हो! 'डिपेंड' आलं की मागोमाग 'ऑन' येणारच. 'ऑफ'ला त्या दारात कुणी उभं करत नाही. निर्णय 'मेक' करायचा, अंघोळ 'टेक' करायची. का म्हणून विचारायचं नाही. भावकीत कोण कुणाच्या पंगतीला बसतं, ते तुम्ही विचारता का?"

"न्हाय मॅडम. डोकी फुटत्यात."

"मग झालं! क्रियापद आणि त्याची सोबत एकत्र चिठ्ठीवर लिहा, आणि जिथं ते वापरायचं त्याच जागी चिठ्ठी ठेवा. येता-जाता बघा. आपोआप तोंडात बसेल."

सयाजीला हे फार पटलं. फौंड्रीत खराब माल बाजूला काढताना खूण करायचा लाल मार्कर त्यानं घरी आणला. ठसठशीत इंग्रजी अक्षरांत चिठ्ठ्या लिहिल्या. घरात तर बढाई मारून ठेवलेली, तेव्हा कुणाला दिसून चालणार नव्हतं. म्हणून प्रत्येक चिठ्ठीची बारीक घडी घातली, आक्काच्या शिवणाच्या डब्यातला काळा दोरा तिला गुंडाळला आणि जागच्या जागी लपवली. संपण्यासाठी 'रन आउट ऑफ', ती तांदळाच्या डब्यात. बंद पडण्यासाठी 'ब्रेक डाउन', ती पाण्याच्या मोटारीखाली. परत येण्यासाठी 'कम बॅक टू', ती उंबऱ्याच्या फटीत. आणि वारण्यासाठी 'पास अवे', ती भिंतीवरच्या कैलासवासी आण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, फोटोमागं!

लाल अक्षर, घडीचा कागद, काळा दोरा आणि उंबरा! आपल्याकडं शेंबडं पोरसुद्धा असल्या वस्तूला पायानं शिवणार नाही. सयाजीला मात्र ती अभ्यासाची साधनं दिसत होती.

तिसऱ्या दिवसापासून काहीतरी विपरीत घडायला लागलं.

त्याची दुसरी पाळी, त्यामुळं दुपारी तो घरी असे. करकरीत बारा वाजलेले. आक्का आणि संयोगिता कुठंतरी बाहेर गेलेल्या. गल्लीत कुत्रंही हलत नव्हतं. सयाजी 'पास अवे' बघायला फोटोपाशी गेला आणि जागीच थिजला. आण्णांचा फोटो भिंतीकडं तोंड करून टांगलेला होता! मागं चिठ्ठी नव्हती.

त्यानं तांदळाचा डबा उघडला. तिथंही चिठ्ठी नव्हती. तांदळात एक लिंबू होतं, आणि त्यात तीन टाचण्या टोचलेल्या होत्या.

उंबऱ्याच्या फटीत अंगारा भरलेला. आरशावर अंगाऱ्याचं बोट ओढलेलं. गोठ्यात म्हैस रवंथ थांबवून कोपऱ्यात एकटक बघत उभी, आणि त्या कोपऱ्यात तर काहीच नव्हतं! इतक्यात मानेवर कुणाचा तरी ऊन श्वास आला. सयाजी किंचाळलाच. मागं रेडकू होतं.

घरात बोलायची सोय नव्हती. एक तर बायका घाबरतील. दुसरं, चिठ्ठ्यांचं कबूल करावं लागेल. त्यानं गुपचूप नव्या चिठ्ठ्या लिहून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी त्याही गायब! तिथं आणखी लिंबं. मग त्याच्या शर्टाचा कोपरा कुणीतरी कातरून नेला. पुढच्या दिवशी अंघोळ करताना हात डोक्यावर गेला, तर मागची चार केसांची बट कापलेली! आपण झोपलेलो असताना कुणीतरी कात्री घेऊन उशाशी उभं होतं! घरातली माणसंही बदलली होती. तो आत आला की आक्का आणि संयोगिता बोलता बोलता गप्प व्हायच्या आणि त्याच्याकडं टक लावून बघायच्या. म्हशीसारख्याच.

हे काम धैर्यशीलचं, याबद्दल सयाजीला आता शंका उरली नाही. कॅन्टीनमध्ये धैर्यशील मायेनं म्हणाला, "काय रं, तोंड उतारलंय तुजं. तब्येत बरी हाय न्हवं?" सयाजीचा चहा बशीत सांडला. करणी करणाराच असं विचारतो!

गुरुवार उजाडला. नेमकी अमावास्या. दुपारी बाराला पाच मिनिटं असताना सयाजीनं आतल्या खोलीचं दार लावलं, मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवला आणि डोळे मिटून जोड्या पुटपुटू लागला, "पास अवे... कम बॅक... टेक ओव्हर..."

दाराबाहेर कुणाचा तरी हुंदका आला. सयाजीनं कान बंद करून घेतले.

मोबाइल उजळला. एका चौकटीत प्लांट मॅनेजर जिनेंद्र साहेब, दुसऱ्या चौकटीत परदेशातल्या एक सोनेरी केसांच्या मॅडम. त्यांनी हसून इंग्रजीतून विचारलं, "तुम्ही कुठून आलात?"

सयाजीनं तोंड उघडलं. आत काहीच नव्हतं! सगळी भावकी गाव सोडून पळालेली. "आय... आय कम... आय कम..."

दाराच्या फटीतून धूर आत यायला लागला. पांढरा, जड, ऊद आणि मिरच्यांच्या वासाचा. कडी थरथरली. दार धाडकन उघडलं आणि धुरातून लाल डोळ्यांचा, केस मोकळे सोडलेला, हातात कडुलिंबाचा डहाळा घेतलेला एक माणूस आत आला. सयाजीचं काळीज बंदच पडायचं, पण तो गावचा देवरुशी पिराजी निघाला!

"बोल!" पिराजी गरजला. "कोण हाईस तू? कुठनं आलास?"

तिकडं मॅडमनीही तोच प्रश्न पुन्हा विचारला. पिराजी गर्रकन वळला.

"ही बघा! बाई हाय!" त्यानं मूठभर अंगारा मोबाइलवर फेकला. "सोड त्येला! काय पायजे तुला?"

मागून आक्का धावत आली आणि सयाजीच्या गळ्यातच पडली. तिच्या पदरात काळ्या दोऱ्याच्या चाळीसभर घड्या होत्या. "माज्या लेकरा! बारा दिस हुडकून काढाय लागलोय, तरी रोज नव्या निगत्यात रं! आण्णाच्या फोटूमागं मरणाचं लिव्हलंय, उंबऱ्यात परत यायचं लिव्हलंय. संयोगितानं वाचून दाखिवलं. बाप तुला न्ह्याया येतोय. मी न्हेऊ द्यायची न्हाय!"

"मग मला सांगितलं का न्हाय?"

"ज्येला झालंय त्येला सांगायचं नसतं," संयोगिता डोळे पुसत म्हणाली. "आन तुमी कोंडून घेऊन इंग्रजीत पुटपुटताय. तुमाला तर इंग्रजी येत न्हाय, मला ठावं हाय की!"

लिंबं, कात्री, फोटो, सगळ्याचा सयाजीला एका क्षणात उलगडा झाला. आक्काच्या हाताला मिरच्यांच्या जाळाचा चटका बसून फोड आला होता. त्याला एकदम रडू आलं, लाज वाटली, आणि मुलाखत गेल्याचं पुरतं कळलं. मोबाइलमधून मॅडम घाबरून विचारत होत्या, हे काय चाललंय?

सयाजीनं अंगारा पुसला आणि बोलायला लागला. "प्लीज वेट फॉर मी, मॅडम. शी इज माय मदर. शी इज अफ्रेड ऑफ माय पेपर्स. शी टेक्स केअर ऑफ मी." 'वेट'मागं 'फॉर', 'अफ्रेड'मागं 'ऑफ', सगळी सोयरी आपापल्या जागी येऊन बसली! चिठ्ठ्या, क्लास, बढाई, आक्काचा फोड, सारं त्यानं न अडखळता सांगितलं.

मॅडम बराच वेळ हसत होत्या. पिराजी डहाळा खाली टाकून बघतच राहिला.

आठवड्यानं पत्र आलं. सयाजीची निवड झाली!

"बघितलंसा?" आक्का गल्लीभर सांगत सुटली. "पंधरा दिस तोंडातनं शबूद फुटत नव्हता. पिराजीनं डहाळा मारला, आन पोरगं गोऱ्या बाईसंगं घडाघडा बोलाय लागलं!"

सयाजीनं चारचौघांत क्लासचं, अभ्यासाचं, सगळं समजावून सांगितलं. लोकांनी मान हलवली आणि पिराजीचा पत्ता विचारला. रविवारी पिराजीच्या दारात चाळीस माणसं होती, सगळ्यात पुढं धैर्यशील.

निदान क्रांती मॅडमना तरी खरं ठाऊक आहे, म्हणून सयाजी पेढे घेऊन राजारामपुरीत गेला. क्लासला कुलूप! त्यानं फोन लावला.

"मॅडम, कुटं हाय तुमी?"

"तुमच्याच गावात, गडमुडशिंगीत," मॅडम दबक्या आवाजात म्हणाल्या. "पिराजीबाबांकडं. सतरावा नंबर आहे माझा. चार दिवसांत अकरा जणांनी क्लास सोडला हो! कुणी काय केलंय, तेवढं बघून घेते."