टक्क्याआडचे सोयरे

सानगडीच्या सुखरामभाऊंच्या मुलीचं लग्न ठरलं आणि पत्रिका छापण्याच्या गंभीर कार्यास रीतसर प्रारंभ झाला. मुलीला स्थळ एकदाचं मिळतं. पण सगळे सोयरे न रुसता एका पत्रिकेत बसवणं म्हणजे बेडकं तराजूत तोलणं. राखीचं मागणं एवढंच होतं, "बाबा, माझं नाव मोठ्या अक्षरात टाकजा."

भंडाऱ्याला विनोदच्या छापखान्यात पहिलीच अडचण उभी राहिली. थोरले बंधू केशवराव यांच्याशी दोघांच्या शेतांमधल्या धुऱ्यावरून अबोला होता. त्यांचं नाव छापावं तर घरचे चिडणार, गाळावं तर केशवराव. विनोद मजकूर संगणकावर खुणा घालून जुळवायचा. तो म्हणाला, "खोडू नका, काकाजी. ओळीच्या आधी टक्क्याचं चिन्ह मारून देतो. ओळ फायलीत राह्यते, कागदावर येत नाही. बोलनं सुरू झालं का चिन्ह काढून टाकू."

नाही म्हणायचं नाही आणि हो म्हणून अडकायचं नाही, हे राज्यकर्त्यांचं सुख सुखरामभाऊंना प्रथमच लाभलं. त्याच झटक्यात त्यांनी बहिणीचे यजमान घनश्याम यांनाही टक्क्याआड पाठवलं. दिवाळीच्या आहेरावरून ते फुगून होते. विनोद शिस्तीचा. त्यानं प्रत्येक नावापुढं शेराही मारला: 'धुरा. साखरपुड्यास आल्यास पुनर्विचार व्हावा.'

ही सोय सुखरामभाऊंच्या पोटात राहिली असती तर प्रश्न नव्हता. पण त्यांनी ती चहाच्या टपरीवर सांगितली, आणि दुसऱ्या दिवशी केशवराव एसटीनं भंडाऱ्यात हजर झाले. पडद्यावर आपलं नाव पाहून ते शांत झाले. मग त्यांची नजर वरच्या ओळीवर गेली.

"घनश्याम माह्या वर काहून?"

"काकाजी, दोन्ही नावं दिसनारच नाही."

"दिसत नाही म्हनून का मान नाही?"

घनश्यामही आले. जावयाचा मान पहिला, या मुद्द्यावर ते अढळ होते. हरकती व सूचना मागवण्यात आल्या. अखेर अदृश्य नावांचा क्रम वयानुसार ठरला, प्रत्येकामागं 'मा. श्री.' लागलं आणि केशवरावांच्या विनंतीवरून अक्षर ठळक झालं.

तेव्हा छापल्या जाणाऱ्या सोयऱ्यांचा जीव जळू लागला. लपलेल्यांसाठी बैठका, चहा, मनधरणी. आणि दिसणाऱ्यांना कुणी विचारीना. एकेक जण सुखरामभाऊंकडे येऊन सांगू लागला, "आमाले पन टक्का लावा." आठवड्याभरात सगळं गणगोत टक्क्याआड गेलं. एकटंच आपलं नाव बरं दिसत नाही म्हणून सुखरामभाऊही गेले. त्यावर वरपक्षानं रास्त शंका काढली, की बापाचंच नाव नाही तर मुलगी कोणाची म्हणून छापणार? समान न्यायाच्या तत्त्वावर वर आणि वधू दोघांनाही चिन्ह लागलं.

पत्रिका आली. वर गणपती, मध्ये तारीख, खाली 'स्थळ: सानगडी. जेवणाची सोय आहे.'

राखीनं ती दोन्ही बाजूंनी पाहिली. "बाबा, माझं नाव?"

"आहे ना, बेटा. फायलीत आहे. सगळ्याईच्या वर."

सुखरामभाऊंना फार वाईट वाटलं. पण आता एक चिन्ह काढायचं म्हणजे सगळ्या सोयऱ्यांना पुन्हा भंडाऱ्याला नेणं आलं. मग राखीच गठ्ठा घेऊन ओसरीवर बसली आणि एकेका पत्रिकेवर पेनानं आपलं नाव लिहू लागली.

केशवरावांना पत्रिका पोचली. चष्मा लावून त्यांनी ती वरपासून खालपर्यंत वाचली, आपलं नाव नसल्याची खात्री करून घेतली आणि समाधानानं मान हलवली. मग पेनाच्या अक्षरांवर बोट ठेवून म्हणाले, "कोरी पत्रिका कोनं खराब केली?"

हसू नका. तुमच्या घरी आलेली शेवटची पत्रिका आठवा. आपलं नाव कितव्या ओळीत होतं, ते तुम्ही आत्ता सांगाल. नवरीचं नाव काय होतं?