वांग्याच्या मळ्यातली उतरण्याची सोय

सुधारणा ही देवीच्या साथीसारखी असते. एका गावात आली की शेजारच्या गावात येतेच, आणि जाताना वण ठेवून जाते.

आमच्या गावाला ती १९३४ साली दौलतराव देशमुखांकडून लागली. दौलतराव आमच्या सुधारणा कमिटीचे अध्यक्ष (मी चिटणीस, तेव्हा पुढचं सगळं खरं धरून चालावं). ते नागपूरला लग्नाला गेले होते. तिथे साहेबलोक बागांमधून सायकली फिरवताना त्यांना दिसले. येताना ते सायकल घेऊन आले. बाग आणायची राहून गेली.

ही उणीव कमिटीने एका बैठकीत भरून काढली. गावाला लागून माळ्यांचे चार मळे आहेत, एकमेकांना खेटलेले, एकाच विहिरीवरचे. ठराव झाला की आजपासून हे मळे नसून उद्याने आहेत. मेथी, मिरची, वांगी, मुळे हे सर्व हिरवेच असते (मुळा आतून पांढरा असतो, ही हरकत नामंजूर झाली). पाट्या लागल्या : 'येथील झाडांस हात लावू नये.' त्यामुळे गोजराबाई माळिणीला स्वतःची वांगी तोडायलाही चिटणिसाची परवानगी काढावी लागे. मी ती कधी नाकारली नाही. वांगी चवीला फार उत्तम होती.

आता या उद्यानांतून सायकलची फेरी गोलच का आखली, असं कोणी विचारील. दौलतरावांना सायकलवर चढता येत होतं, ती चालवताही येत होती. उतरता येत नव्हतं. सरळ रस्त्याने निघाले की ते थेट पुढच्या अनसिंग गावापर्यंत जात आणि तिथली मंडळी त्यांना धरून उतरवत. रस्ता गोल असला म्हणजे माणूस निघाल्या जागी परत येतो, आणि तिथे झेलायला इंद्रभान पैलवान उभा करता येतो. गावं वसवण्याचं हे तत्त्व मोठमोठ्या शहरांना अजून सुचलेलं नाही.

शिवाय फेरी सोपी हवी होती, कारण अध्यक्षांना दम्याचा त्रास. मोटेचं पाणी वाफ्यांपर्यंत नेणारे मातीचे दांड चारही मळ्यांतून फिरतात. पाणी कधी चढ चढत नाही, म्हणून दांडाला चढ नसतो. म्हणजे दांडातूनच सायकल न्यावी! बिनतोड मुद्दा होता. दांडातून पाणीही वाहतं, हा विषय वेळेअभावी तहकूब झाला.

उद्घाटन चैत्रातल्या मंगळवारी ठरलं. आता विहीर एक आणि मळे चार, म्हणून पाणी वाराने वाटलेलं. मंगळवार गोजराबाईचा. सख्खा दीर वारला तरी पाण्याचा वार सोडायचा नाही, अशी या लोकांची रीत. कमिटीने त्या दिवशी मोट बंद ठेवण्याचा हुकूम काढला, तशी बाई थेट बैठकीत आली.

"मालक, मंगयवारचं पाणी माहं हाये. वांग्याले आत्ताच फूल धरलं. पाणी चुकलं तं सारे मरतीन."

"एका दिवसानं काय होते वं?" दौलतराव म्हणाले. "वांगे का पयून चालले?"

"पयता येत नाही म्हणूनच मरतात, मालक. पाय असते तं कवाच नदीवर गेले असते."

हा उद्धटपणा आम्ही नोंदवून घेतला.

मंगळवारी हारतुरे झाले, ताशा वाजला, दौलतराव निघाले. मेथी मागे पडली, मिरची मागे पडली. वांग्यांसाठी मात्र गोजराबाईने पहाटेच मोटेला बैल जुंपले होते. दांड काठोकाठ भरून वाहिला होता, आणि आमची काळी माती! चाक रुतलं, सायकल उभीच्या उभी थांबली आणि दौलतराव पोटऱ्यांपर्यंत चिखलात, पण स्वतःच्या दोन पायांवर उभे!

ताशा बंद पडला. गोजराबाई पदर तोंडाशी धरून वांग्यांकडे बघत राहिली. आता मळा गेला, असंच सगळ्यांना वाटलं.

"उतरलो!" दौलतराव ओरडले. "अरे, मी उतरलो! कोनी धरलं नाही मले!"

खोटं कशाला बोलू, माझेही डोळे भरून आले. टाळी पहिली मीच वाजवली.

त्याच दिवशी ठराव झाला. गोजराबाईचा मळा ही कमिटीची अधिकृत 'उतरण्याची सोय' असून ती रोज सकाळी भिजलेली असावी. मोट ओढायला बैलही कमिटीने दिले. वांगी अशी धरली की फांद्यांना टेकू लावावे लागले. इंद्रभान पैलवान बेकार झाला. शेजारचा मुळेवाला जगदेव, रोजच्या या भिजवणीत त्याचा पाण्याचा वार बुडाला म्हणून, हात जोडून उभा राहिला : "मालक, एक डाव माह्या मयातही उतरा ना. माही माती जास्त चिकट हाये." त्याचा अर्ज विचाराधीन आहे.

तुम्ही हसताय. हसा. पण तुम्ही ज्या कशावर चढून बसला आहात, खुर्चीवर म्हणा, हट्टावर म्हणा, सुनेच्या डोक्यावर म्हणा, तिथून आपणहून उतरताना तुम्हाला कोणी पाहिलंय? नसेल तर आमच्याकडे या. फेरी सोपी आहे. फक्त निघण्याआधी गोजराबाईला निरोप धाडा. तुमच्या मापाचा चिखल करायला तिला थोडा वेळ लागेल.