बावन्न किलोचं पोतं

नव्या मोटरसायकलची टेस्ट राईड घ्यायला लोक हेल्मेट घेऊन जातात. इंगोले काका युरियाचं पोतं घेऊन गेले होते.

पोतं माझ्याच दुकानातलं. कामरगावात माझं कृषी केंद्र आहे. त्या दिवशी सकाळी मी शटर वर करतोय तोच काका दारात उभे. म्हणाले, "बावन्न किलो वजन पाह्यजे."

"कायचं?"

"कायचंई. वजन बावन्न पाह्यजे."

युरियाचं पोतं पंचेचाळीस किलोचं येतं. मी म्हटलं, काका, सात किलोसाठी कायले अडून राह्यले, हेच न्या. त्यांनी मान हलवली. "बावन्न म्हन्जे बावन्न." मग मी सात किलो निंबोळी पेंड तोलली, ती पिशवी पोत्यावर बांधली, आणि दोघांनी मिळून ते धूड त्यांच्या गाडीच्या मागच्या सीटवर आवळलं. जाताना काका म्हणाले, "इकत नाई घेत. वापस आनून देतो." खत उसनं नेणारं हे माझ्या दुकानातलं पहिलं गिऱ्हाईक.

काका वीज खात्यात लाईनमन होते. खांबावर चढण्यात उमर गेली, त्यामुळे रिटायर झाल्यावरही त्यांची भाषा खांबावरून खाली उतरलेली नाही. दोन माणसं वाद घालायला लागली की काका हात वर करतात, "पह्यले लाईन बंद करा, मंग बोला." लग्नाच्या बैठकीत, ग्रामसभेत, एकदा तर कुणाच्या मयतीत भावाभावांचं जुंपलं तेव्हाही. आश्चर्य म्हणजे लोक खरंच गप्प होतात.

इतरांच्या शर्टाच्या खिशात पेन असतो, काकांच्या खिशात इंची टेप. रस्त्यात कुठंही मोटरसायकल उभी दिसली की हे वाकणार आणि जमिनीपासून मागच्या सीटपर्यंत मोजणार. पुढची सीट कधी मोजली नाही. कारंज्यात एका लग्नात तर नवरदेवाची फुलं लावलेली गाडी मोजत बसले. नवरीच्या मामानं घाबरून विचारलं, तुम्ही आरटीओतून आले काय जी? काका म्हणाले, "नाई. मागच्याची सीट पाहून राह्यलो."

आता आमची गाडी. ती डोंगरदऱ्यांत हिंडायला बनवलेली, लांब पायांची, उंच. आमच्याकडे तसे डोंगर नाहीत, पण रस्ते आहेत, त्यामुळे गाडीला काही फरक कळत नाही. गावात तिला सगळे उंटच म्हणतात. असे चार उंट आमच्याकडे आहेत. एक माझा, एक सलीमचा, त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे. एक मानोऱ्याला शाळेवर जाणाऱ्या राठोड सरांचा, आणि चौथा काकांचा. दर रविवारी सकाळी फाट्यावरच्या चहाच्या टपरीपाशी चारही उंट एका रांगेत उभे राहतात आणि आम्ही त्यांच्याविषयी बोलतो. घरच्यांना यात काय एवढं बोलण्यासारखं आहे ते समजत नाही.

तर कंपनीनं या उंटाचं रूपच पालटलं. इंजिन पाण्यानं थंड होणारं, किक काढून टाकली, समोर टीव्हीसारखा पडदा, सीटचे दोन तुकडे. जुनं मॉडेल बंद. तिथून आमच्या टपरीवर जी कचकच सुरू झाली ती महिनाभर थांबली नाही. राठोड सर नव्या गाडीच्या बाजूनं. "जमाना पुढं गेला, तुमी किक मारतच बसा." सलीमला रेडिएटर मंजूर नव्हता. "अरे भाई, तुरीच्या धसकटातून एक बार गेली का जाली फुटलीच समजा."

आमच्या तिघांसाठी ती नुसती चर्चा होती. काकांसाठी नव्हती. त्यांच्या गाडीचं इंजिन गेल्यात जमा होतं आणि लागणारा पार्ट आता कुठंच मिळत नव्हता. सलीमनं इंजिनाला कान लावून सांगितलं होतं, "काका, दिवाळीपर्यंत काढन. जास्त नाई." म्हणजे काकांना नवी घ्यावी लागणार, नाहीतर गाडी सोडावी लागणार. म्हणून आम्ही चौघे वाशीमला शोरूममध्ये गेलो.

राठोड सर फेरी मारून आले ते हसतच. सलीम कुरकुरत आला. मग काकांनी आपल्या गाडीवरचं पोतं सोडून नव्या गाडीच्या मागच्या सीटवर ठेवलं. शोरूमच्या मॅनेजरचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. काका निघाले. सायकलवाले त्यांना मागं टाकत होते. प्रत्येक गतिरोधकाच्या आधी ते थांबत, मागं वळून पोत्याकडे बघत, मग पुढं जात. अर्ध्या तासानं परत आले, पोतं जागेवर असतानाच टेप काढला, मोजलं, परत एकदा मोजलं.

"समोरच्याले सारं देलं," काका म्हणाले. "मागच्याले दोन इंच वर टांगलं. नाई जमत."

राठोड सर तापले. "काका, दोन इंचासाठी? तुमच्या मांगं बसते कोन? पोतं?"

मॅनेजर हसला. सलीम हसला. मीही हसलो. काकांनी टेप खिशात ठेवला आणि पोत्याची दोरी बांधायला लागले.

पोतं काही परत आलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मीच आणायला गेलो. खरं सांगतो, पोत्यासाठीच गेलो, काकांची विचारपूस वगैरे डोक्यात नव्हती. विहाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर आहे. दारासमोर गाडी चालू स्थितीत उभी, काका वर बसलेले, दोन्ही पाय जमिनीला रोवून. आणि गाडीला लागून जो बुटका ओटा आहे त्यावर शांताकाकू उभ्या. काकूंच्या खुब्याचं ऑपरेशन झाल्याला दोन वर्षं होऊन गेली, तेव्हापासून त्या घरातच असतात असा माझा समज होता. त्यांनी काठी भिंतीला टेकवली, एक हात काकांच्या खांद्यावर ठेवला आणि न वाकता, टाच न उचलता, सरळ मागं सरकून सीटवर बसल्या.

"बसली?"

"बसली."

मला बघून काकांनी गाडी बंद केली. म्हणाले, "पोतं आत हाय, आनतो," आणि काकूंना तसंच बसवून, गाडी स्टँडला लावून आत गेले.

मी विचारलं, "काकू, तुमी गाडीवर जाता?"

"मंग कायनं जाऊ? डॉक्टरनं सांगतलं, खाली बसाचं नाई, वाकाचं नाई. कारमंदी बसलं का गुडघे छातीले येते. ऑटोत दचके बसते. या गाडीवर पोटातलं पानीई हालत नाई. फक्त चढाले ओटा पाह्यजे, दहा इंचाचा." काकू हसल्या. "ते यायनं बांधून ठेवले जागोजागी. जिथी ओटा नाई तिथी मी उतरत नाई. गाडीवरूनच बोलतो लोकाशी."

"किती हाय असे?"

"सात. विहारापाशी, मा बहिनीच्या दारात, दवाखान्यात, वावराच्या धुऱ्यावर. तुमच्या दुकानापुढचा धरून सात."

माझ्या दुकानापुढचा. दीड-दोन वर्षांपूर्वी काका स्वतः विटा आणि सिमेंट घेऊन आले होते. म्हणाले होते, इथी धक्का करून देतो, पोते उतरवाले बरं पडन. मी चहा पाजला होता. मागाहून काकू एकदोनदा वांग्याचं बी घ्यायला आल्या तेही आठवलं. त्या कुठून आणि कशा उतरल्या हे मी पाहिलंच नव्हतं. मोठा हुशार मी.

"नव्या गाडीचं आयकलं," काकू म्हणाल्या. "दोन इंच उडी मारनं आता माह्याच्यानं होत नाई, बावा. बावन्न किलोची बाई मी."

तेवढ्यात काका पोतं ओढत बाहेर आले. "शांता, लाईन बंद कर."

पण आता काकांनाच राहवलं नाही. पोत्यावर बसून ते माझ्याकडे न बघता बोलले. "ओटे वर घेता येते. दोन इंचाचं काम हाय. पन सात दारी जाऊन काय सांगू? विहारात सांगतलं म्हाताऱ्या मानसायसाठी. सायीले, हिच्या बहिनीले, सांगतलं भांडे घासाले. तुमाले पोत्याचं सांगतलं. आता परत काय सांगू?"

"खरं सांगा."

"खरं सांगतलं का लोक हिच्याकडं पायते. बिचारी म्हन्ते. ते तिले खपत नाई, मलेई नाई." पोत्याची दोरी ओढत म्हणाले, "गाडी बसली का मंग हेई घरात बसते."

मला त्या शोरूममधल्या हसण्याची लाज वाटली. पोतं न घेताच घरी आलो. म्हटलं, असू द्या, स्टॉक भरपूर आहे.

पुढच्या रविवारी काका टपरीवर आले नाहीत. राठोड सरांनी पडद्याचं कौतुक सुरू केलं, तेव्हा मी म्हटलं, "सर, लाईन बंद करा," आणि दोघांना सगळं सांगितलं. सलीमनं चहा तसाच ठेवला. राठोड सरांनी आपल्या गाडीच्या मागच्या सीटकडे पाहिलं. मग म्हणाले, "विहाराचं आन् दवाखान्याचं मी पायतो. शाळेची पोरं येतात तिथी, पाय धुवाले कट्टा उंच पाह्यजे म्हनून सांगतो." सलीमनं वावराचा बांध आणि काकूंच्या बहिणीचं गाव घेतलं. गवंडी आणि उरलेले ओटे माझ्याकडं. एकमेकांना बजावलं की काकूंचं नाव कुठंच निघता कामा नये.

पंधरा दिवसांनी काका दुकानात आले. दुकानापुढच्या ओट्यापाशी थबकले. ओलसर सिमेंटचा नवा थर त्यांना दिसणार नाही असं कसं होईल? टेप काढला, वाकले, मोजलं.

"काहून वाढवला?"

"पोते उतरवाले बरं पडते."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग परत वाकून मोजलं, आधी मोजलेलंच.

"पाव इंच जास्त झाला."

"घासून घेऊ?"

"राहू द्या. भागते तितकं." त्यांनी टेप खिशात ठेवला. "उद्या वाशीमले जातो. बुकिंग करतो."

"पोतं घेऊन जा मंग. आणखी एक डाव चालवून पाहा."

"नाई," काका म्हणाले. "आता पोत्याचं काम नाई. तिलेच घेऊन जातो."