घंटाघर दिसेल इतकी पातळ

"आज पियादिना जाडच होणार," मैद्यात डुकराच्या चरबीचा गोळा आपटत एर्सिलियाने जाहीर केलं, "आणि ज्याला नको असेल त्याने समुद्रावर रिमिनीला जाऊन मासे खावेत!"

नेव्हियोच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, तोंडचं पाणी पळालं. रविवारचे अकरा वाजून गेले होते. बाराच्या सुमारास त्याची आई, आर्जाबाई, खालच्या मजल्यावरून जेवायला वर येणार होती, आणि या घरातला पियादिनाचा, म्हणजे तव्यावर भाजायच्या मैद्याच्या पोळीचा, कायदा तिचा होता. तव्यावरून उतरलेली पहिली पियादिना ती खिडकीच्या उजेडात धरायची. तिच्यातून समोरच्या चर्चचं घंटाघर दिसलं तरच बाकीच्या ताटात पडायच्या. अडतीस वर्षं एर्सिलिया घंटाघर दिसेल इतकी पातळ लाटत आली होती. ती मूळची फोर्लीकडची. तिकडे पियादिना करंगळीएवढी जाड आणि आतून लुसलुशीत. फोर्ली इथून जेमतेम तासाभरावर, पण या एका बाबतीत दोन्हीकडची माणसं एकमेकांना अडाणी समजतात.

"अगं, पण आजच का?"

"मार्चमध्ये माझी आई गेली. काल तिच्या पियादिनाची चव आठवायला बसले, तर आठवेना! तुझ्या आईचं घंटाघर तेवढं आठवलं."

नेव्हियोला बायकोची दया आली, पण म्हणून आईची भीती थोडीच जाते! कणीक मुरत ठेवून एर्सिलिया गॅलरीत कपडे वाळत घालायला गेली, तेवढ्यात त्याने हळूच लाटणं उचललं आणि दोन गोळे पार कागदासारखे करून टाकले.

"हे काय?" दारातून आवाज आला.

"काही नाही, जरा... कडा सारख्या करत होतो."

एर्सिलियाने लाटणं हिसकावलं आणि उघड्या खिडकीतून भिरकावून दिलं. खाली धप्प असा आवाज आला.

"लाट आता!"

"तू कशाने लाटणार?"

"माझी आई हातानेच थापायची."

"खरंच?"

"नाही. पण मी आजपासून थापणार!"

तिने त्या दोन कागदी पियादिनांचे पुन्हा गोळे केले, चार गोळे थापून भल्यामोठ्या तव्यावर टाकले आणि चीज नि हॅम आणायला ती कोठीत गेली. नेव्हियोला राहवेना. उरलेले सहा तरी आईच्या मापाचे करू म्हणून त्याने कालची अर्धी राहिलेली वाइनची बाटली आडवी केली आणि लाटायला घेतलं. दुसऱ्याच गोळ्याला बूच निसटलं. लालभडक वाइन ओट्यावर पसरली आणि सहाच्या सहा गोळे तिच्यात न्हाऊन निघाले.

एर्सिलिया परतली, तिने ते पाहिलं, आणि ती तोंड उघडणार तोच जिन्यावर पावलं वाजली. आर्जाबाई दारात उभी होती. तिच्या हातात लाटणं होतं.

"माझ्या सॅलडच्या वाफ्यात हे उगवलंय. तुमचं का?"

एर्सिलियाने तव्यावरची सगळ्यात जाड पियादिना उचलली आणि सासूच्या हातात ठेवली.

"घ्या आई. बघा."

आर्जाबाई चाचपडत खिडकीशी गेली आणि पियादिना उजेडात धरली. नेव्हियोने डोळे मिटून घेतले. म्हातारी बराच वेळ बघत राहिली.

"दिसतंय," ती म्हणाली. "घंटाघर दिसतंय. वर कबुतरही बसलंय."

अडतीस वर्षं मनात तयार केलेलं भांडण असं वाया जाताना पाहून एर्सिलियाचा संताप अनावर झाला.

"कसलं कबुतर! आई, ही करंगळीएवढी जाड आहे! फोर्लीची आहे! माझ्या आईची आहे!"

"ओरडतेस कशाला? मला बोटं आहेत अजून. डोळे नाहीत. सहा वर्षं झाली, मला ती खिडकीसुद्धा धड दिसत नाही."

"मग सहा वर्षं घंटाघर कसं दिसत होतं?"

"तू पातळच लाटतेस एवढं मला ठाऊक होतं."

आर्जाबाईने तुकडा मोडला आणि सावकाश चावला.

"तुझ्या लग्नात तुझी आई टोपली भरून अशा घेऊन आली होती. मी हात लावला नाही. वास मात्र फार छान येत होता." तिने दुसरा तुकडा मोडला. "चुकलंच माझं."

एर्सिलियाचे डोळे भरून आले. तिनेही एक तुकडा तोंडात टाकला, आणि आई आठवली.

"पण कायदा म्हणजे कायदा," आर्जाबाई म्हणाली. "जिच्यातून घंटाघर दिसत नाही ती या घरात कोणी खात नाही. म्हणून सांगतेय, दिसतंय. आण ते हॅम इकडे."

नेव्हियोने डोळे उघडले, दुसरी पियादिना उचलून खिडकीशी नेली आणि अलीकडून पलीकडून निरखून पाहिली.

"पण मला तर काहीच दिसत नाहीये..."

"तुला काय कळतंय!" दोघी एकदम ओरडल्या, आणि एर्सिलियाने ती त्याच्या हातातून काढून घेतली. "या चार आमच्या. तू त्या लाल भाजून खा."