साळवे बाई वाचून दाखवतात

आमच्या शाळेच्या ग्रंथालयातल्या गोष्टींच्या पुस्तकांत शेवटची ओळ वाचता येत नाही. तिथे काळी पट्टी असते. ती साळवे बाईंनी ओढलेली असते, जाड मार्करने, खाली फूटपट्टी धरून. पट्टीच्या आत 'तात्पर्य' गाडलेलं असतं.

"पोटभर जेवल्यावर वाढप्याने येऊन सांगायचं का, यात जीवनसत्त्वं किती होती?" असं बाईंचं म्हणणं.

साळवे बाई नाशिकरोडच्या आमच्या शाळेत ग्रंथपाल आहेत. मी तिथेच गणित शिकवते. त्या वयाने मोठ्या, म्हणून मला सरळ "अगं सुनीता" म्हणतात. आमच्या मुख्याध्यापकांनाही त्या एखाद दिवशी "अरे" म्हणतील, अशी आम्हा सगळ्यांना धास्ती आहे.

त्यांच्या ग्रंथालयात पुस्तक परत करणाऱ्याला काही विचारायचं नाही, हा नियम. सारांश नाही, आवडलेलं पात्र नाही, काही नाही. एखादं पोर अर्धवट वाचलेलं पुस्तक घेऊन अपराध्यासारखं उभं राहिलं, की बाई हात पुढे करतात. "नाही आवडलं? दे इकडं. भेंडी आवडत नाही म्हणून कुणी शाळेतून नाव काढतं का?"

आणि त्यांचा वाचनाचा तास! बाई मोठ्याने वाचतात आणि विनोदाची जागा आली की मुलांच्या आधी स्वतःच हसतात. हसता हसता चष्मा काढतात, पदराने पुसतात, परत लावतात, तोवर ओळ हरवलेली असते. मग मुलंच ओरडून सांगतात, "बाई, तो झाडावर चढलाय!" शेजारच्या वर्गात माझे अपूर्णांक फळ्यावर केविलवाणे होऊन बसलेले असतात, कारण माझा अख्खा वर्ग भिंतीला कान लावून असतो.

गेल्या वर्षी तपासणीला एक साहेब आले होते. ग्रंथालयात सहावीची आरती पुस्तकात तोंड खुपसून बसली होती. साहेबांनी प्रेमाने विचारलं, "काय वाचतेस बाळ?"

"भुताची गोष्ट."

"अरे वा. मग त्यातून काय शिकलीस?"

आरतीने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "काहीच नाही सर. भीती वाटली. परत वाचणारे."

साहेबांनी मुख्याध्यापकांकडे पाहिलं. मुख्याध्यापकांनी साळवे बाईंकडे पाहिलं. आणि बाई अशा फुलल्या होत्या, जणू पोरगी जिल्ह्यात पहिली आली.

संध्याकाळी मीटिंग झाली. मुख्याध्यापक सर कपाळाला हात लावून म्हणाले, "बाई, ही तुमची मज्जा मी मूल्यमापनात कुठे बसवू?"

"नका बसवू सर. उभी राहू द्या."

आम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या, हसू दिसू नये म्हणून. पण सर हसले नाहीत. पुढच्याच आठवड्यात वाचनाचा तास रद्द झाला आणि तिथे स्कॉलरशिपचा सराव आला. तो तास दिला मलाच. मी ग्रंथालयात जाऊन कसंबसं सांगितलं. बाई पुस्तकाला कव्हर घालत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "शिकव गं. अपूर्णांकांशी माझं काही वैर नाही."

भांडतील असं वाटलं होतं. त्या भांडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत डबा आणि एक पुस्तक घेऊन मैदानातल्या कडुनिंबाच्या पारावर जाऊन बसल्या. एक घास खायचा, एक पान वाचायचं. मोठ्याने.

दोनचार मुली जवळ सरकल्या, तशा बाई म्हणाल्या, "तुम्हाला नाही वाचत. मी माझं वाचतेय. तुम्ही आपले डबे खा."

यापेक्षा पक्कं आमंत्रण पोरांना दुसरं कोणतं? चारसहा दिवसांत निम्मी शाळा पाराभोवती. शेवटी सर स्वतः आले.

"बाई, हे कुणाच्या परवानगीने?"

"जेवताना बोलायला बंदी आहे का सर?"

सरांनी बोट उगारलं. आणि तेवढ्यात घोटाळा असा झाला, की गोष्टीतला माणूस कोरड्या विहिरीत पडला. बाई वाचतच राहिल्या. सर जायला वळले आणि वळलेलेच राहिले. वरून सोडलेला दोर तुटला, तेव्हा ते "अरे अरे" असं चक्क मोठ्याने म्हणाले. घंटा झाली. मुलं पांगली. सर घसा खाकरून हळूच म्हणाले, "निघतो का तो बाहेर?"

"उद्या," साळवे बाईंनी डब्याचं झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी सर स्वतःचा डबा घेऊन पारावर हजर. परीक्षा संपता संपता त्यांनी जाहीर केलं, जूनपासून वाचनाचा तास परत सुरू.

एवढी लढाई जिंकलेल्या बाई सुट्टीत कशा मजेत असतील, असं मला वाटत होतं. मे महिन्यात पिंपळगावहून माझ्या भावाने घरचे बेदाणे पाठवले. त्यातले थोडे द्यायला मी नाशिकरोडजवळच्या उपनगर भागात बाईंच्या घरी गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

दोन खोल्यांचं, लख्ख घर. भिंतीवर बुद्धांची तसबीर, तिच्याखाली नऊवारीतल्या एका म्हाताऱ्या बाईंचा फोटो. कोपऱ्यात पुस्तकांचं कपाट होतं, त्यावर जुनी चादर टाकलेली. चादरीवर धूळ.

"वाचन जोरात असेल सुट्टीत," मी आपलं म्हटलं.

"छे गं. घरी नाही वाचत मी."

मला वाटलं, थट्टा करतायत. पण त्या फोटोकडे पाहत होत्या. "आई गेल्यापासून नाही."

मग सांगू लागल्या. आई येवल्याकडची. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतात कांदे काढले, अक्षर ओळखीचं नव्हतं. बाई शाळेत जायला लागल्या तेव्हापासून रोज संध्याकाळी आईला वाचून दाखवायच्या. पुढे नोकरी लागली, आईला नाशिकला आणलं, तरी ते चालूच. बाईंनी लग्न केलं नाही. आई मेथी निवडत ऐकायची आणि गोष्टीतल्या माणसांशी भांडायची.

"नवऱ्यावर रुसून माहेरी निघालेली बाई आली गोष्टीत, की म्हणायची, 'जाऊ दी तिला! आन् पोरगं घिऊन जा म्हनावं!' मी म्हणायचे, आई, ते छापून झालंय. तर म्हणायची, 'म्हंजी मी काय बोलूच नाय का?'" बाई हसल्या. "तिला कधी कुणी विचारलं नाही गं, काय शिकलीस म्हणून. लय ग्वाड हाय म्हणायची आणि झोपायची."

त्यांनी उठून पंखा उगाच एक नंबरने वाढवला.

"शाळा कधी सुरू होते गं यंदा?"

सुट्टी कधी संपते, असं विचारणारी शिक्षकी पेशातली ही पहिलीच व्यक्ती मला भेटली.

"होईल की जूनमध्ये. आणि बाई, पुढच्या वर्षी तर तुम्ही रिटायर. मग काय, निवांत वाचायचं."

"कुणाला?"

अगदी साधेपणाने विचारलं त्यांनी. खरंच उत्तर हवं असल्यासारखं.

मी उठले. कपाटावरची चादर काढून घडी केली. समोर आलं ते पुस्तक उचललं आणि बाईंच्या हातात दिलं.

"अगं, तुला उशीर होईल. स्वयंपाक असेल."

"होईल तो."

"गणितवाल्यांना कंटाळा येतो."

"वाचा तर."

बाईंनी पुस्तकावरून हात फिरवला. चष्मा लावला. आणि वाचायला लागल्या. अर्धं पान होतं न होतं तोच त्या फस्सकन हसल्या आणि घाईघाईने माझ्या तोंडाकडे पाहिलं.

मला विनोद कळलाच नव्हता.

"थांब हं," बाई म्हणाल्या, खुर्ची माझ्याजवळ ओढून घेतली आणि तेच वाक्य, आणखी सावकाश, पुन्हा वाचलं.